डाव्या बाजूचा बचाव

आंग मो किओ, सिंगापूर
१४ सप्टेंबर २०२५

आदरणीय ज्ञानेश्वरकाका,

तुम्हाला काय म्हणावं इथेच पेन अडलंय. खरं तर 'बाबा' म्हणायला हवं, पण आपण एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नाही, तेव्हा तुम्ही सांगेपर्यंत काकाच म्हणते. मी नीलिमा, तुमची सून. यंदा जानेवारीत रुचिरचं आणि माझं इथे रजिस्टर लग्न झालं. त्याने तुम्हाला मेसेज केला होता आणि तुमचं 'शुभाशीर्वाद' एवढंच उत्तर आलं होतं. तो एक शब्द त्याने मला दोनदा दाखवला, आणि दुसऱ्यांदा दाखवताना पहिल्यांदाच दाखवतोय असा आव आणला.

पत्ता पद्माकरकाकांकडून मिळाला. गणपतीत त्यांच्या ईस्ट कोस्टच्या कॉन्डोवर गेलो होतो. रुचिर आत आरतीला उभा होता तेव्हा काका मला हळूच बाल्कनीत घेऊन गेले. म्हणाले, "ज्ञान्याला फोन करू नकोस. इतकी वर्षं बँकेत शेजारच्या टेबलाला बसलोय, फोनवर तो दोन वाक्यांपुढे जात नाही. पत्र लिही. आलेल्या पत्राला उत्तर न देणं त्याला जमणारच नाही." म्हणून हा उद्योग. रुचिरला सांगितलेलं नाही.

मी मूळची नाशिकची. इथे मास्टर्स करायला आले आणि राहिले. आता तांजोंग पगारला एका फर्ममध्ये ऑडिटचं काम करते. रुचिरची आणि माझी ओळख झाली फिजिओथेरपिस्टच्या वेटिंग रूममध्ये. माझा घोटा मुरगळला होता. समोर एक धिप्पाड माणूस बसला होता, आत ट्यूबलाइट असूनही काळा गॉगल लावून. नाव पुकारल्यावर तो उठला, टीपॉयवर गुडघा आपटला आणि "आई गं" म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "लागलं का हो?" तो वळून हसला तर समोरचे दोन दात नाहीत! नंतर बाहेर कॉफी पिताना म्हणाला, "तेरा वर्षं मला रोज कुठे ना कुठे लागत होतं. पण 'लागलं का' असं कुणी विचारलं नव्हतं." दात आता बसवून घेतलेत. लग्नाच्या फोटोत दिसतील, सोबत एक ठेवलाय.

तो बरा आहे. कलांगच्या रिंकवर लहान मुलांना आइस हॉकी शिकवतो. मुलं त्याला 'कोच रू' म्हणतात. खाणंपिणं नीट आहे, माझ्या हातच्या पोळ्यांना नावं ठेवण्याइतपत तब्येत चांगली आहे.

एक किरकोळ विचारायचं होतं. तुमच्याकडे किंवा आईंच्या माहेरी कुणाला अर्धशिशी होती का? विसराळूपणा वगैरे? आणि लहानपणी रुचिर कधी डोक्यावर पडला होता का? सहज विचारते. घरातल्या गोष्टी आपल्याला माहीत असाव्यात म्हणून.

तब्येतीला जपा.

नीलिमा


१९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय काका,

तुमचं पत्र मिळालं. मला नाही, रुचिरला मिळालं. खालच्या लेटरबॉक्सची किल्ली त्याच्याकडे असते हे मी साफ विसरले होते.

ऑफिसातून आले तर हा डायनिंग टेबलाशी बसलेला. पाकीट पाण्याच्या बाटलीला टेकवून उभं ठेवलेलं आणि हा त्याच्याकडे बघत होता. मला वाटलं, आता चिडणार.

"बाबांचं अक्षर आहे," तो म्हणाला. "पण नाव तुझं आहे."

"हो. मी लिहिलं होतं त्यांना."

"कधी?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "उघड ना. केव्हाचा बसलोय."

मी मोठ्याने वाचलं. घरात अर्धशिशी कुणाला नाही. सहा वर्षांचा असताना झोपाळ्यावरून पडला होता, कपाळाला टाके पडले, पण शुद्ध गेली नव्हती. आणि मग तुमचा तो शेवटचा प्रश्न, 'तो कोणत्या जागेवर खेळायचा? कधी विचारायचं राहून गेलं.' हे वाक्य आल्यावर त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. मग सिंकपाशी जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसला. तिथूनच, मागे न वळता म्हणाला, "सांग त्यांना. लेफ्ट डिफेन्स. डाव्या बाजूचा बचाव."

तर हे सांगितलं. मलाही लग्नाआधी यातलं काही कळत नव्हतं, म्हणून माझ्या भाषेत लिहिते. बर्फावर एका वेळी एका संघाचे सहा जण असतात. एक गोलकीपर, तिघं पुढे धावणारे आणि मागे बचावाचे दोघं. त्यातल्या डावीकडच्याने समोरून येणाऱ्या माणसाला गोलपर्यंत पोचू द्यायचं नाही. चेंडूच्या ऐवजी रबराची जाड चकती असते, ती दगडासारखी येते. ती अडवायची. काठीने जमलं तर काठीने, नाहीतर अंगाने. मी विचारलं, अंगाने म्हणजे? तर त्याने शर्ट वर करून बरगड्या दाखवल्या.

आता खरं सांगते. मागच्या पत्रात मी 'सहज' म्हटलं होतं, ते सहज नव्हतं. ती माहिती आमच्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी मागितली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्लोव्हाकियात एका सामन्यात समोरच्या खेळाडूने त्याला कडेच्या भिंतीवर दाबलं आणि त्याचं डोकं आपटलं. ड्रेसिंग रूममध्ये शुद्धीवर आला तेव्हा तो एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत होता. टीममधल्यांना वाटलं, कण्हतोय. काही दिवसांनी पेटर नावाच्या त्याच्या मित्राने विचारलं, "तुमच्या भाषेत 'आई' म्हणजे काय?"

त्यानंतर तो खेळला नाही. सहा-सात आठवडे अंधाऱ्या खोलीत काढले आणि मग इथे परत आला. डोकं दुखतं, उजेड सोसत नाही, लॅपटॉपसमोर अर्ध्या तासावर बसवत नाही. कधी कधी विसरतो.

आई गेल्या तेव्हा काय घडलं ते मला त्याच्या बाजूने ठाऊक आहे. तो पाचव्या दिवशी खेळायला परत गेला आणि तुम्ही म्हणालात, आता इकडे यायला तुला कारण उरलं नाही. मग इथला फ्लॅट विकून तुम्ही पुण्याला गेलात. कोण बरोबर, कोण चूक, याचा हिशेब मी करणार नाही. ऑफिसात तेवढंच करते दिवसभर.

दिवाळी उद्यावर आलीय. चकल्या बिघडल्यात, करंज्या बऱ्या झाल्यात.

नीलिमा


१६ नोव्हेंबर २०२५

बाबा,

'काका काय म्हणतेस, बाबा म्हण' हे वाचून मी किचनमध्ये एक गिरकी घेतली. रुचिर म्हणाला, "एवढं काय लिहिलंय?" मी सांगितलं नाही. थोडं माझंही असू दे.

तुम्ही विचारलंत, तिकडे तो राहायचा कसा. तो स्वतःहून फार बोलत नाही. बाजार करताना, इस्त्री करताना तुकड्यातुकड्याने सांगतो. इथल्या सक्तीच्या मिलिटरी सर्व्हिसची दोन वर्षं संपवून तो आधी स्वीडनला गेला, ते तुम्हाला माहीतच आहे. तिथे तिसऱ्या दर्जाच्या संघात घेतलं, पण बर्फावर उतरायला मिळायचं नाही. पहाटे एका बेकरीत पाव भट्टीतून काढायचा आणि दुपारी सराव करायचा. त्याच्याबरोबरची पोरं तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून बर्फावर वाढलेली आणि हा सिंगापूरच्या मॉलमधल्या रिंकवर नवव्या वर्षी उभा राहिलेला. तो म्हणतो, "मला पुढे पळण्यात ते नेहमी हरवायचे. मग मी उलटं पळायला शिकलो."

याचा अर्थ मला काल शनिवारी समजला. मी त्याच्याबरोबर रिंकवर गेले होते. एरवी तो जिना उतरतानासुद्धा कठडा धरतो. रिंकवर बुटांच्या लेस बांधल्या, दारातून आत पाऊल टाकलं आणि बाबा, तो दुसराच माणूस झाला. बचाव करणाऱ्याला समोरच्यावर नजर ठेवून मागे मागे जावं लागतं. सहा फुटांचा हा माणूस पाठीमागे न बघता, भिंतीला न धडकता, इतका अलगद मागे सरकत होता की मी श्वास रोखून बघत राहिले. सात-आठ वर्षांची एक मुलगी जमत नाही म्हणून रडकुंडीला येऊन म्हणाली, "कोच रू, कॅनॉट लाह!" हा तिच्यासमोर उलटा सरकत दोन्ही हात पुढे करून म्हणत होता, "कॅन, कॅन. माझ्याकडे बघ, पायांकडे नको." ती त्याच्या हातांपर्यंत पोचली आणि तिने आनंदाने त्याच्या पोटावर डोकं आपटलं. मी दचकले. पोटावर होतं, डोक्यावर नव्हतं.

स्लोव्हाकियात मात्र त्याचं चांगलं चाललं. डोंगरातलं छोटं गाव, दुसऱ्या दर्जाचा संघ, तरी शुक्रवारी सगळं गाव सामन्याला. तिथे तो दहा वर्षं राहिला. त्याच्या घरमालकीणबाई त्याच्या नावाने ओरडायला पहिल्या रांगेत बसायच्या आणि घरी आल्यावर सूप देताना म्हणायच्या, आज तू झोपला होतास का? मी विचारलं, तुला तिथे घरच्यासारखं वाटायचं का? म्हणाला, "शुक्रवारी वाटायचं."

आता जे सांगायचं नव्हतं ते. गेल्या मंगळवारी मी मीटिंगमध्ये होते, त्याचा फोन आला. "नीलू, आपलं स्टेशन कुठलं गं?" आवाज हसरा होता. तो एमआरटीने घरी येत होता, आंग मो किओ आलं आणि गेलं, त्याला ओळख पटली नाही. यिशुनला उतरून बाकावर बसला होता. मी टॅक्सी करून गेले. घरी येईपर्यंत आम्ही दोघं भाजी काय करायची यावरच बोलत होतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हे म्हातारपणाच्या विसराळूपणासारखं नाही, धीर धरला तर बरंच सुधारेल. पण डोक्याला पुन्हा मार बसता कामा नये. पुन्हा बसला तर त्या काहीच सांगू शकत नाहीत.

तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहिलं नाही. कुणाला तरी सांगायला हवं होतं.

तुमची नीलिमा


७ डिसेंबर २०२५

बाबा,

हे पत्र घाईत लिहितेय. अक्षर समजून घ्या.

पेटरचा फोन आला होता. तोच आता त्या संघाचा कोच आहे. त्याचे बचावाचे दोन खेळाडू जायबंदी झालेत, राहिलेली पोरं कोवळी आहेत, संघ तळाला गेलाय. म्हणतो, जानेवारीअखेरपर्यंत नाव नोंदवता येतं, तू फक्त दोन महिने ये. गाव तुझी वाट बघतंय. मी विचारलं, आणि डॉक्टरी तपासणी? रुचिर माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते पेटर बघून घेईल."

फोन आल्यापासून त्याची पाठ ताठ झालीय. सकाळी उठून ईस्ट कोस्टला सायकल मारून येतो. डोकं दुखत नाही म्हणतो. गोळ्यांची पट्टी मी बघते, ती कमी होत असते.

काल जेवताना मी म्हटलं, "बाई काय म्हणाल्या ते आठवतंय ना?"

"नीलू, त्या बाईंनी मला खेळताना बघितलेलं नाही."

"मी पण बघितलेलं नाही."

"तेच तर!" तो एकदम मोठ्याने म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू मला गॉगल घातलेला बघितलंस. भांडी घासताना बघितलंस. बाबांनी तर मला बघितलंच नाही. एकदा. एकदा तरी कुणीतरी माझ्या घरच्याने बघावं की मी काय होतो."

मी त्याच्याशी भांडू शकते, भांडतेच. पण मी नको म्हटलं की तो गप्प होतो आणि मनातल्या मनात बॅग भरतो.

बाबा, तुम्ही त्याला नको म्हणा. फोन करा, पत्र लिहा, कसंही. तुमचं ऐकेल की नाही याची खात्री नाही, पण तुमचं पत्र आलं की तो ते उशीखाली ठेवून झोपतो, हे तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. आता सांगते. माझ्याकडे आणखी काही उरलेलं नाही.

तुमची नीलिमा


२८ डिसेंबर २०२५

बाबा,

तुमच्या पत्राचा मला राग आला. आधी तेच सांगते, कारण तुम्हाला खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय.

मी तुमच्याकडे एक मागितलं आणि तुम्ही लिहिलंत, 'तो स्वीडनला निघाला तेव्हा मी त्याला एकदा नको म्हणालो होतो. त्यानंतर पंधरा वर्षं मला त्याचा खेळ माहीत नाही आणि आता त्याला माझं घर माहीत नाही. दुसऱ्यांदा म्हणणार नाही.' हे वाचून मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी राहून रडले. जवळची कुणी सहकारी असती तर तिच्या खांद्यावर रडले असते, पण तिथे फक्त कॉफीचं मशीन होतं. मला वाटलं, तुम्हाला तुमच्या जुन्या दुखण्याची काळजी आहे, त्याच्या डोक्याची नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. तेव्हा खालचा परिच्छेद नीट वाचला. तुम्ही रात्री जेवण झाल्यावर यूट्यूबवर त्याच्या क्लबचे जुने सामने शोधता. भाषा कळत नाही, नियम कळत नाहीत, इतक्या वेगात तो कोणता तेही कधी कळत नाही, म्हणून पाठीवरचा सत्तावीस आकडा शोधत बसता. आणि 'त्याला म्हणावं, एक सामना मला समजावून सांग.'

हे मी त्याला वाचून दाखवलं. तो हातातलं वाटाण्याचं टोपलं खाली ठेवून म्हणाला, "बाबा? हॉकी बघतात?" मग हसायला लागला. "ऑफसाइड त्यांना कसं समजावू? मला पहिल्या वर्षी समजलं नव्हतं." आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. चहाचे कप मांडून मला खेळाडू समजावतो आणि मग म्हणतो, "बाबांना असं सांगितलं तर कळेल ना?" पेटरला त्याने जानेवारीच्या मध्यापर्यंत थांबायला सांगितलंय.

ठीक आहे, बाबा. तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही. पण अकरा तारखेच्या रविवारी, तुमच्या दुपारी, तो फोन करेल. तुम्ही तुमच्या टॅबवर सामना लावा, तो इथे लॅपटॉपवर लावेल. मध्ये मध्ये थांबावं लागेल, त्याचे डोळे दुखतात.

नीलिमा


१८ जानेवारी २०२६

बाबा,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर होतात, त्यामुळे काय बोलणं झालं ते तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्यापर्यंत फक्त आवाज येत होता. मी त्याच्या शेजारी बसले होते. मला जे दिसलं ते तुम्हाला कळायला हवं.

तुम्ही म्हणालात, "मी न बघितलेला लाव." त्याने फेब्रुवारी २०२० चा लावला. तुम्ही तो खरंच बघितला नव्हता का, हे मी विचारणार नाही. तो मला म्हणाला, "हा मला पाठ आहे." आणि होताही. तुम्ही मध्येच विचारायचात, "आता काय होणार?" आणि तो लगेच सांगायचा. आता हा डावीकडे देणार, आता त्यांचा तो उंच माणूस पडणार. तसंच व्हायचं. मग तुमचा तो "अरे वा!" ऐकू आला की तो खुर्चीत थोडा पुढे सरकायचा. बाबा, मी त्याला लग्नाच्या दिवशीही इतकं खुशीत बघितलं नव्हतं. मला भीती वाटत होती. मनात म्हणत होते, झालं, आता हा जाणार. बाबांनी उलटंच केलं.

मधल्या सत्रात एकाचा खांदा त्याच्या डोक्याला लागला आणि तो पडला. तुम्ही विचारलंत, "लागलं का रे?"

"थोडंसं. काही नाही. उठलो बघा."

खरंच उठला होता. जाऊन बाकावर बसला, थोड्या वेळाने परत उतरला. टीममध्ये कुणाला त्यात काही वाटलं नाही.

त्यानंतर पाच-सहा मिनिटांनी तुम्ही पुन्हा विचारलंत, "आता काय होणार?" तो काही बोलला नाही. तुम्हाला वाटलं असेल, लाइन गेली. लाइन गेली नव्हती. तो पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बघू या." तुम्ही तिसऱ्या सत्रात पुन्हा विचारलंत, तेव्हा तो म्हणाला, "बघा ना तुम्हीच." तोपर्यंत मला कळलं होतं. आधी तो घडायच्या आधी सांगत होता. आता घडल्यावर सांगत होता.

आणि मग ते. रुचिरच्या संघाचा गोलकीपर पुढे येऊन आडवा झाला होता, मागे जाळं रिकामं, समोरच्या खेळाडूने चकती मारलीसुद्धा. आणि कुठूनसा डावीकडून एक जण बर्फावर लांबच लांब घसरत आला, काठी पुढे टाकली आणि रेषेवरून चकती बाहेर काढली. सगळी टीम त्याच्या अंगावर पडली. रुचिर म्हणाला, "हा कोण?"

तुम्हाला तो प्रश्न ऐकू आला की नाही माहीत नाही. फार हळू म्हणाला. तो खेळाडू उठून वळला, पाठीवर सत्तावीस.

"बाबा," तो म्हणाला, "हा मी आहे. मला हे आठवत नाही. लागल्यानंतरचं काहीच आठवत नाही. जिंकलो ते माहीत होतं, कारण दुसऱ्या दिवशी पेपरात होतं. मला वाटायचं, मी नेहमीसारखा विसरलो असेन."

त्याचे दोन्ही हात टेबलावर पालथे होते. मी माझा हात ठेवायला गेले आणि ठेवला नाही. आणि मग तुम्ही म्हणालात, "मग काय झालं? मीही पहिल्यांदाच बघतोय. मागे घे, दोघं मिळून बघू."

तुम्हाला ते साधं वाक्य वाटलं असेल. त्याच्या चेहऱ्यावरून तेव्हा काहीतरी उतरलं, बाबा. मी ते शब्दांत मांडू शकत नाही. त्याने मागे घेतलं. बघितलं. परत मागे घेतलं. अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता, मी त्याला थांबवलं नाही. शेवटी तो म्हणाला, "बाबा, मी बरा खेळायचो हो." तुम्ही म्हणालात, "मला त्यातलं कळत नाही. गोल झाला नाही एवढं मात्र कळलं." तेव्हा तो हसला आणि त्याच हसण्यात रडला. ते तुम्ही ऐकलंत. म्हणूनच तुम्ही घाईने फोन ठेवलात, हेही मला कळलं.

संध्याकाळी आम्ही खाली हॉकर सेंटरला गेलो. नूडल्स समोर आल्यावर त्याने विचारलं, "सामना संपल्यावर त्या दिवशी मी घरी कसा गेलो असेन गं? बर्फ पडत असणार. गाडी मीच चालवायचो." मी म्हटलं, मला नाही माहीत. "मलाही नाही," तो म्हणाला. मग नूडल्स तशाच ठेवून तो बाहेर गेला आणि रेलिंगपाशी उभा राहून फोन लावला. मला त्यांची भाषा येत नाही. एवढ्या दिवसांत एकच शब्द शिकलेय, 'निये' म्हणजे नाही. तो मला तीनदा ऐकू आला. तिसऱ्यांदा हळुवारपणे म्हणाला, माणूस लहान मुलाला समजावतो तसा. परत येऊन म्हणाला, "पेटर रडला. गार झाल्या का या?" आणि माझ्याही खाल्ल्या.

मी एकदाही नको म्हटलं नाही. तुम्हीही नाही. तुमच्यावर रागावले होते, त्याबद्दल हे पत्र.

डोकं अजून दुखतं. बाईंनी सहा वर्षांपूर्वीच्या त्या माराचीही नोंद घेतली, गोळी बदलून दिली. परवा रिंकच्या व्यवस्थापकांनी मोठ्या मुलांचा संघ त्याच्याकडे दिला. तो म्हणाला, "घेतो, पण माझ्या संघात डोक्याला लागलं की त्या दिवसापुरता खेळ बंद. आईबाप ओरडले तरी बंद." आणि आज रविवार आहे. मी हे लिहितेय आणि आतल्या खोलीत तुमच्या दोघांचा सामना चाललाय. तुम्ही कशावरून तरी वाद घालताय. पंचाने चूक केली असं तुमचं म्हणणं आहे आणि तो म्हणतोय, "बाबा, तुम्हाला नियम माहीत नाहीत!" तुमचा आवाज इथपर्यंत येतोय.

फेब्रुवारीत येताय हे पद्माकरकाकांकडून कळलं. आम्हाला आधी कळवायला हवं होतं, पण असू दे. एक लक्षात ठेवा. पुण्याहून लोक सिंगापूरला निघाले की सगळे सुती, पातळ कपडे भरतात. तुम्ही जाड स्वेटर आणा, आणि कानटोपीही. रिंकवरच्या बाकावर गारठा असतो, आणि रुचिर म्हणतो, शनिवारी सकाळी एकदा बसलात की पोरांचा शेवटचा गट संपेपर्यंत तुम्ही काही उठायचे नाही.

तुमची,
नीलिमा